स्कॉटलंडचा उन्हाळा: गावागावांचा हंगाम

[दृश्य: शेटलंड बेटं, लर्विक बंदर. आकाश अजून उजळ.]

रात्रीचे साडेदहा. लर्विकमध्ये सूर्य आत्ता कुठे मावळतोय. पहाटे चारच्या आत तो पुन्हा उगवेल आणि मधल्या वेळातही पुरता काळोख पडणार नाही. जूनमधल्या या निळसर रात्रींना शेटलंडची माणसं ‘सिमर डिम’ म्हणतात. दक्षिणेकडे एडिनबराला रात्र जरा मोठी, तरी जूनच्या शेवटी तिथेही दहापर्यंत सूर्य असतो. एडिनबरा आणि मॉस्को जवळपास एकाच अक्षांशावर येतात, छप्पन्न अंश उत्तरेला. घराघरांत लहान मुलांना जाड पडदे ओढून झोपवावं लागतं, कारण बाहेर लख्ख दिसत असताना ‘झोपा आता’ हे त्यांना पटत नाही.

उजेड असा भरपूर, पण ऊब बेताची. एडिनबराला भर जुलैत दुपारचं तापमान सरासरी एकोणीस-वीस अंशांवर थांबतं. ग्लासगोत पारा सतरा-अठराच्या पुढे गेला आणि ऊन पडलं, की तरुण पोरं बागांमध्ये शर्ट काढून पसरतात. ‘टॅप्स अ‍ॅफ!’ ही हाळी तेव्हा सगळीकडे ऐकू येते. स्कॉटलंडमधलं आजवरचं सर्वांत जास्त तापमान ३४.८ अंश. १९ जुलै २०२२ रोजी सीमाभागातल्या चार्टरहॉलला ते नोंदलं गेलं.

पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्याची आणखी एक तऱ्हा आहे. गरम हवा उत्तर समुद्राच्या थंडगार पाण्यावरून येते, गारठते आणि तिचं धुकं होऊन किनाऱ्यावर चढतं. त्याला ‘हार’ म्हणतात. थोडं आत, डोंगरापलीकडे लोक आइस्क्रीम खात असतात आणि किनाऱ्यावर मात्र समोरचा दिव्याचा खांब दिसत नाही.

अशा हवेवर भरवसा ठेवून कुणी काही ठरवलं असतं, तर या देशात उन्हाळ्यात काहीच झालं नसतं. इथे तारखा हवेवर ठरत नाहीत. जूनचा अमुक शुक्रवार, ऑगस्टचा तमुक शनिवार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. पाऊस आला तर रेनकोट चढवायचा. पर्यटकाला ऑगस्टमधलं एडिनबरा माहीत असतं, आणि ते आहेच मोठं. १९४७ साली, महायुद्धानंतर, तिथला आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या आपल्या आपण येऊन प्रयोग करू लागल्या आणि त्यातून ‘फ्रिंज’ हा दुसरा महोत्सव उभा राहिला. पण स्कॉटलंडचा उन्हाळा जगणारी माणसं बघायची असतील, तर लहान गावांत जायला हवं. तिथे बहुधा तिकीट नसतं, रंगमंच नसतो. गावच्या माणसांनी गावासाठी केलेलं असतं सगळं.

[दृश्य: सेलकर्क, पहाट. दगडी फरसबंदीवर टापांचा आवाज.]

इंग्लंडच्या सरहद्दीला लागून असलेल्या डोंगराळ मुलखात जून महिना घोड्यांचा असतो. हॉइक, सेलकर्क, गालाशील्स, आणि जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी लँगहम. प्रत्येक गावाचं आपलं ‘कॉमन रायडिंग’. गावच्या सामाईक जमिनीच्या हद्दीवरून घोडेस्वारांनी फेरी मारायची, असं त्याचं मूळ रूप. चराई आणि सरपण याच जमिनीवर चालायचं. तिच्यावर आजूबाजूच्या जमीनदारांचा डोळा असायचा आणि सरहद्दीवरच्या लुटारू टोळ्यांची भीतीही होती. हद्द दरवर्षी डोळ्यांखालून घातली नाही तर ती सरकते, हे गावकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. सेलकर्कचे नगरप्रमुख जॉन मथाग या सामाईक जमिनीची बाजू मांडायला एडिनबराला निघाले होते. वाटेत त्यांचा खून झाला. साल १५४१.

सेलकर्कचा दिवस म्हणजे जूनच्या दुसऱ्या सोमवारनंतर येणारा शुक्रवार. सकाळी लवकर गावची माणसं रस्त्यावर असतात. त्या वर्षीचा निशाणधारी ठरलेला असतो. गावचाच एखादा अविवाहित तरुण. कित्येक वर्षं इतरांच्या मागे घोडा हाकल्यावर त्याला हा मान मिळतो. तो पुढे, मागे शेकडो घोडे. एट्रिक नदीच्या पात्रातून पाणी उडवत ते पार होतात आणि डोंगरावर ‘थ्री ब्रेदरन’ नावाच्या तीन दगडी ढिगांपर्यंत चढतात. घोड्यांवर नातवंडं असतात, तसेच सत्तरीतले आजोबाही.

पण गावाचा जीव अडकलेला असतो तो परतल्यानंतरच्या सोहळ्यात. १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स मारला गेला, आणि त्याच्याबरोबर हजारो माणसं. सेलकर्कची परंपरा सांगते की गावातून ऐंशी जण गेले आणि एकटा फ्लेचर परत आला. त्याच्या हातात शत्रूकडून हिसकावलेलं निशाण होतं. लोक विचारू लागले, आमची माणसं कुठायत? त्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने निशाण डोक्यावर गरगर फिरवलं आणि खाली जमिनीला टेकवलं.

[दृश्य: बाजारचौक. गर्दी शांत. निशाणाचं कापड हवेत फिरतं.]

आजही बाजारचौकात निशाणधारी तेच करतो. बँडच्या चालीवर तो जड कापड डोक्याभोवती, कमरेभोवती, पायांजवळून फिरवतो. त्याच्यामागून विणकरांच्या संघाचा मानकरी, लोहारांचा, व्यापाऱ्यांचा. परदेशी गेलेल्या गावकऱ्यांतर्फेही एक निशाण असतं, कॅनडात, ऑस्ट्रेलियात पोटापाण्यासाठी पांगलेल्यांच्या वतीने. शेवटी माजी सैनिकांचं निशाण खाली येतं. चौक गप्प होतो. लहान मूलही बोलत नाही. मग बँड फ्लॉडनच्या मृतांसाठीचं शोकगीत वाजवतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्यांसाठी जिवंत माणसं भरल्या डोळ्यांनी उभी राहतात. त्यांना ते ‘इतिहास’ वाटत नाही. त्यांच्या लेखी आपल्याच घरातली माणसं परत आलेली नसतात.

या परंपरांची दुसरी बाजूही सांगायला हवी. हॉइकमध्ये कित्येक वर्षं फक्त पुरुषच घोड्यावर बसत. नव्वदच्या दशकात काही स्त्रियांनी सामील व्हायचं ठरवलं, तेव्हा त्यांना भर रस्त्यात शिव्या खाव्या लागल्या, घराघरांत भांडणं झाली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी वाट मोकळी झाली. गावच्या सणावर हक्क कुणाचा, यावर इतकं तुटून भांडायला लोक तयार होतात, कारण तो सण त्यांना मनापासून आपला वाटतो.

सेलकर्कच्या उत्तरेला लॉडर नावाचं छोटं गाव आहे. त्याचं कॉमन रायडिंग ऑगस्टच्या सुरुवातीला. मराठी माणसाने या गावाचं नाव लक्षात ठेवावं. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे संस्थापक डॉ. जॉन विल्सन १८०४ मध्ये इथे जन्मले. १८२९ मध्ये ते मुंबईला आले, मराठी शिकले, १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली आणि तिचंच पुढे कॉलेज झालं. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले आणि १८७५ मध्ये मुंबईतच वारले. गिरगाव चौपाटीसमोरून रोज हजारो लोक ज्या नावावरून जातात, ते नाव या मेंढपाळांच्या डोंगरांतलं आहे.

[दृश्य: पश्चिम हायलँड्स. तळ्याकाठी तंबू, माणसं हात झटकत आहेत.]

उत्तरेच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये गेलं की उन्हाळ्याचा खरा मालक भेटतो. मिज, चिलटासारखा चावरा किडा. पंखांसकट दीड मिलिमीटरचा जेमतेम. मे ते सप्टेंबर हा त्याचा काळ, आणि ओली दलदलीची जमीन, ढगाळ हवा, पडलेला वारा ही त्याची आवड. चावते फक्त मादी, कारण अंड्यांसाठी तिला रक्त लागतं. एकटी असेल तर कळणारही नाही, पण ती कधीच एकटी नसते. तळ्याकाठी संध्याकाळी वारा पडला की अक्षरशः ढग उतरतो आणि तंबूतली माणसं डोक्यावर जाळी घालून चहा पितात. वाऱ्याचा वेग ताशी अकरा-बारा किलोमीटरच्या वर गेला तर मिजला उडता येत नाही. म्हणून इथे तंबू ठोकणारा माणूस आधी वारा कुठून येतो ते बघतो, देखावा नंतर.

आणि तंबू कुठेही ठोकता येतो, हे या देशाचं मोठेपण. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर, मालक कुणीही असो, जबाबदारीने फिरायचा आणि मुक्काम करायचा हक्क सगळ्यांना दिला. लॉक लोमंड या तळ्याच्या काठावर मात्र गर्दी आणि कचरा इतका वाढला, की आता मार्च ते सप्टेंबर काही भागांत परवाना घ्यावा लागतो.

हायलँड गेम्स, म्हणजे इथल्या पारंपरिक मैदानी स्पर्धा, त्यांच्याबद्दल थोडक्यात. सुमारे सहा मीटर लांबीचा ओंडका उभा धरून धावत जायचं आणि तो असा उलटवायचा, की वरचं टोक जमिनीवर आपटून दुसरं टोक सरळ पुढे पडावं. तो किती लांब गेला याला महत्त्व नाही. घड्याळात बाराचा काटा जसा सरळ पुढे, तसा तो पडला पाहिजे. त्याच मैदानाच्या एका कोपऱ्यात लाकडी मंचावर मुली नाचत असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात एकटा बॅगपाइपवाला परीक्षकासमोर येरझाऱ्या घालत वाजवत असतो. हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि कुणाचं कुणाला अडत नाही.

[दृश्य: क्लाइड नदी. लाल-पांढऱ्या-काळ्या धुरांड्यांची बोट.]

ग्लासगोचा उन्हाळा एके काळी जुलैच्या उत्तरार्धात एकदम उघडायचा. ‘ग्लासगो फेअर’. जहाजांचे कारखाने, गिरण्या, सगळं एकाच वेळी बंद व्हायचं आणि अख्खं शहर ‘डून द वॉटर’ निघायचं, म्हणजे क्लाइडच्या पाण्यावरून खाली, डनूनला, रॉथसीला. चाळींसारख्या दाट वस्त्यांतली कुटुंबं भांडीकुंडी घेऊन बोटींवर चढायची आणि एका खोलीत सात-आठ जण राहायची, तरी ते वर्षातलं सुख होतं. स्वस्त विमानं आली, स्पेन जवळ आलं, आणि या बोटी एकेक करून गेल्या. एक उरली: ‘वेव्हर्ली’. १९४६ मध्ये क्लाइडवरच पाण्यात उतरलेली. समुद्रावर प्रवासी नेणारी ही जगातली शेवटची, पाणी कापणाऱ्या चाकांची आगबोट. १९७४ मध्ये ती जतन करू पाहणाऱ्या हौशी मंडळींना एका पौंडाला विकली गेली. लोकांच्या देणग्यांवर ती आजही उन्हाळ्यात धावते. खाली उतरून इंजिन बघायला मुभा आहे. आजोबा-आजी नातवंडांना तिथे घेऊन जातात आणि तेलाच्या त्या वासात आपलं लहानपण दाखवतात.

[दृश्य: ब्लेअरगौरी परिसर. प्लॅस्टिकच्या लांब बोगद्यांखाली रासबेरीच्या रांगा.]

पर्थशायर आणि अँगस या भागांत जुलै म्हणजे बेरी. रासबेरीला जास्त ऊन सोसत नाही. लांब दिवस आणि थंड हवा तिला मानवते, त्यामुळे जे हवामान माणसांना नकोसं ते या फळाला हवंसं. पूर्वी डंडीच्या वस्त्यांमधून सकाळी बस यायच्या आणि बायका-मुलं भरून मळ्यांवर न्यायच्या. कमरेला बादली बांधायची, वजनावर पैसे घ्यायचे. शाळेचे नवे बूट कित्येक घरांत या पैशांतून आले.

त्याच मळ्यांवर स्कॉटिश ट्रॅव्हलर लोकही उतरायचे, पिढ्यान्‌पिढ्या फिरतीवर जगणारे. दिवसा फळं तोडायची, रात्री शेकोटीभोवती गाणी. पन्नासच्या दशकात कवी आणि लोकगीतांचे संशोधक हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन तिथे जाऊन बसले. विद्वानांना जी पोवाड्यांसारखी लांबलचक कथागीतं कधीच विसरली गेली असं वाटत होतं, ती या माणसांच्या तोंडी होती, चालीसकट. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या, गावोगाव हाकलल्या जाणाऱ्या माणसांनी एका देशाची गाणी सांभाळली होती. या सगळ्या हंगामात मला यापेक्षा मोठी गोष्ट दिसत नाही.

आता बादल्या गेल्या. फळं प्लॅस्टिकच्या बोगद्यांखाली पिकतात आणि तोडायला हंगामी व्हिसावर माणसं येतात, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, कझाकस्तानहून. मळ्याकडेच्या कॅरव्हॅनमध्ये राहतात आणि हंगाम सरला की जातात. त्यांचीही गाणी असणारच. कुणी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे बसावं, असं फार वाटतं.

[दृश्य: साउथ क्वीन्सफेरी. मागे फोर्थचा लाल रेल्वेपूल.]

ऑगस्ट. एडिनबराच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते. तिथून जवळच, १८९० च्या प्रचंड रेल्वेपुलाच्या पायथ्याशी, ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी एक माणूस सकाळी घराबाहेर पडतो. डोक्यापासून पायापर्यंत तो बर्डॉक नावाच्या रानझाडाच्या काटेरी बोंडांनी झाकलेला असतो, हजारो बोंडांनी. डोळे आणि तोंड तेवढं उघडं. दोन्ही हातांत फुलांनी मढवलेल्या काठ्या, हात आडवे पसरलेले, दोन बाजूंना आधाराला दोघे जण. हा ‘बरी मॅन’. संध्याकाळपर्यंत तो गावभर चालतो. बसता येत नाही, हात खाली घेता येत नाहीत. बोलतही नाही. घराघरांतून त्याला व्हिस्की मिळते, तीही स्ट्रॉने, कारण पेला तोंडाला लावता येत नाही. पुढे मुलं घंटा वाजवत, ओरडत धावतात. ही प्रथा कशी सुरू झाली याबद्दल तर्क पुष्कळ आहेत, खात्री कुणालाच नाही. बरी मॅन मात्र गावातच जन्मलेला असावा लागतो, एवढं पक्कं.

दुसऱ्या दिवशी गावाची ‘फेरी फेअर’ असते: मिरवणूक, शर्यती, बँड. त्यानंतर थोड्याच दिवसांत शाळा उघडतात, कारण स्कॉटलंडची सुट्टी जूनच्या शेवटीच सुरू झालेली असते.

ऑगस्टमध्ये महोत्सवासाठी एडिनबराला जाणार असाल, तर तो शुक्रवार मोकळा ठेवा. वेव्हर्ली स्टेशनवरून गाडीने डालमेनी अगदी जवळ आहे, आणि तिथून उतार उतरत पायी गावात. दोन-तीन नाणी खिशात असू द्या. बरी मॅनच्या सोबत्यांच्या डब्यात ती टाकली की वर्ष चांगलं जातं, असं तिथे मानतात.