सोलापूरच्या उन्हात जर्मेनियमचे फझ पेडल

नमस्कार मंडळी. गिटारचा स्वर मुद्दाम खरखरीत, गुरगुरता करणारे जुन्या धाटणीचे फझ पेडल कसे बांधायचे, हे तुम्ही इतक्या वेळा विचारले आहे की आता टाळणे बरे दिसत नाही. नमुना म्हणून लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेले फझ फेस घेऊ. त्याची गोल डबी माइक स्टँडच्या बैठकीवरून सुचलेली होती. आत दोन ट्रान्झिस्टर, तीन कपॅसिटर आणि मोजके रेझिस्टर असतात. जोडणीचा नकाशा सर्वत्र मिळतो, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. एवढेच लक्षात ठेवा, की पीएनपी प्रकारच्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या (जर्मेनियम म्हणजे सिलिकॉनच्या आधीचे ट्रान्झिस्टरचे द्रव्य) पेडलमध्ये बॅटरीचे धन टोक ग्राउंडला जाते, म्हणून हे पेडल इतर पेडलांच्या अडॅप्टरवर लावू नका.

खरी गोम आहे ती गळतीत. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा बेस, म्हणजे प्रवाहावर ताबा ठेवणारे टोक, मोकळा सोडला तरी कलेक्टर या दुसऱ्या टोकातून थोडा प्रवाह वाहतच राहतो, आणि साधा मल्टिमीटर तो प्रवाह गेनमध्येच, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रवाह किती पट वाढवतो त्या आकड्यातच, धरून मोकळा होतो. "माझा एसी१२८ ट्रान्झिस्टर एकशे तीस गेन दाखवतो, तरी आवाज घाण येतो," असे लिहिणाऱ्यांनो, त्या एकशे तीसमध्ये गळती किती, हे आधी मोजा. अंगावरचा नंबर पाहून दुप्पट पैसे मोजणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे, कारण एकाच नंबरचे दोन ट्रान्झिस्टर सख्खे भाऊ असतीलच असे नाही. शिवाय मोजताना ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नका. बोटांच्या उबेने आकडा चढत जातो, आणि सोल्डरिंग केल्या केल्या घेतलेल्या मापाला तर काहीच अर्थ नसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. येथील एका ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या दादांसाठी मी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे ऐन थंडीत, एक पेडल बांधले आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर ९ व्होल्टच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट, अगदी काटेकोर लावून दिले. मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, ते पेडल परत आले. स्वर तुटत होता, लांबवलेली सुरावट मध्येच गुदमरत होती. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की गळती जवळपास दुप्पट होते आणि लावलेला व्होल्टेज हलतो, हे ठाऊक असूनही सोलापुरात राहणाऱ्या माणसाने ते विसरावे, याला काय म्हणावे!

तेव्हापासून मी तो कलेक्टरचा व्होल्टेज ठरवणाऱ्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी प्रीसेट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारा छोटा रेझिस्टर, बसवतो आणि तो बाहेरून पेचकसाने फिरवता यावा म्हणून डबीला भोक ठेवतो. "भोकामुळे जुनेपण जाते," अशी तक्रार करणाऱ्यांनी सिलिकॉनचे बीसी१०८ ट्रान्झिस्टर वापरावेत; त्यांची गळती नगण्य असते, मात्र त्यांचा आवाज अधिक धारदार लागतो.

पुढे गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाआधी दादांनी तो प्रीसेट स्वतःच्या कानाने लावला. मग गिटारचा व्हॉल्यूम करंगळीने जरासा खाली आणला, आणि तोवर गुरगुरणारा तो फझ काचेसारखा स्वच्छ झाला. हे पेडल मी घरी शंभरदा वाजवून पाहिले होते, पण त्यातून असा स्वर माझ्या हातून कधी निघाला नव्हता. दादांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "असंच अजून एक करा."