मार्चात मार नसतो

नमस्कार श्रोतेहो. घरचा सातबारा जवळ असेल तर काढा आणि नावं वाचा. बायकांची किती आहेत, मोजा. पूर्वी हे सांगून उपयोग नव्हता. हस्तलिखित उताऱ्यावरचं तलाठीभाऊंचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. उतारा संगणकावर आला, हे माझ्या मते मोठंच पुण्यकर्म झालं. असो.

गावातल्या मारहाणीचा विषय निघाला की लोक दारूपाशी थांबतात. दारू आहेच. मी मात्र सातबाऱ्यापाशी येते.

आमच्याकडे सल्ल्याला एक बाई यायच्या. नाव नको, गावही नको. नवरा मारायचा. पोलिसांत गेलं की एनसीचा, म्हणजे अदखलपात्र तक्रारीचा, कागद हातात. गावात तंटामुक्ती समिती समजूत घालणार. समजूत कुणाची? बाईंचीच. (वेशीवरची कमान रंगवली की तंटे मिटतात, असं मानणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही.)

सासरा मात्र हिशेबी. पोरगा पिऊन जमीन विकणार हे ओळखून त्यानं मरायच्या आधी विहिरीसकट दोन एकर सुनेला बक्षीसपत्रानं दिली. सुनेच्या मायेपोटी नव्हे हं, जमिनीच्या काळजीनं. फेरफार झाला. बाई खातेदार झाल्या, सोसायटीच्या सभासद झाल्या.

आणि मार्च आला. सोसायटीचं पीककर्ज नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायचं. सेक्रेटरी नवऱ्याला म्हणाला, "तुमची सही चालत नाही. खातेदाराला आणा." मग नवऱ्यानं गाडी पुसली, बायकोला मागं बसवून बँकेत नेलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. गाडीवर त्या पहिल्यांदाच बसल्या. अख्ख्या पारानं बघितलं.

पुढच्या वर्षी बाई मला म्हणाल्या, "ताई, मार्चात मार नसतो."

म्हटलं, का हो?

"सुजल्यालं तोंड घिऊन बँकेत कसं न्यायचं? आन् मी सही न्हाई म्हणले तर?"

अकरा महिने मार आणि एक महिना सुट्टी! मी हसले, मग लाज वाटली. पण बाईंच्या डोक्यात ते बसलं. एकदा जूनमध्ये त्यानं हात उगारला, तेव्हा म्हणाल्या, "मारा. मार्च यायचाच हाय." मार थांबला असं मी म्हणणार नाही. कमी झाला.

केरळातल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बिना अग्रवाल या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. ज्यांच्या नावावर जमीन नाही, घर नाही, अशा बायकांपैकी ४९ टक्क्यांनी मारहाण सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांपैकी ७ टक्क्यांनी. पुन्हा सांगते, ४९ आणि ७.

हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सा आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून. बायकोला नवऱ्याच्या हयातीत तसा हिस्सा आपोआप मिळत नाही. म्हणून सासरी नाव नाही, माहेरी हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा भावांना सोडल्याची सही. मार खाऊन बाईनं जायचं कुठं?

त्या बाईंचे वडील वारले, त्या वर्षी भाऊबीजेला भाऊ आला. ताटात साडी ठेवली. साडीच्या घडीत हक्कसोडपत्र. बाईंनी ओवाळलं, साडी घेतली, कागद घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवला आणि म्हणाल्या, "जेवून जा."