सोळा आण्यांचं सुख

श्रोतेहो, नमस्कार.

कपाशीची वेचणी सुरू झाली, की खानदेशात कितीतरी घरांची पुढची खोली कापसाने भरते. भाव वाढेल म्हणून ठेवलेला माल, आणि त्याच मालावर नजर ठेवून असलेली उधारी. सुखाविषयी बोलायचं तर याच खोलीपासून सुरुवात करू. भगवान बुद्धांनीही संसारी माणसाला सुख सांगताना घरातल्या पैशाअडक्यापासूनच सुरुवात केली होती.

श्रावस्तीचा व्यापारी अनाथपिंडिक याला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली. अत्थिसुख म्हणजे असण्याचं सुख: घाम गाळून, सचोटीने मिळवलेलं आपल्यापाशी आहे. भोगसुख: ते आपण खातो-पितो, त्यातून दानही करतो. अनणसुख: कुणाचं थोडं ना फार, काही देणं नाही. आणि अनवज्जसुख: काया, वाचा, मन, कुठेच बोट ठेवायला जागा नाही. पैसा वाईट, असं यात कुठेही म्हटलेलं नाही. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बौद्ध धम्म म्हणजे सगळं सोडा, असा समज फार पसरला आहे.

अनणसुख मोडतं ते कधी पावसाने, कधी भावाने. त्यावर आपला इलाज नाही. पण पुष्कळदा ते वाटणीत मोडतं. सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला बुद्धांनी केलेल्या उपदेशात मिळकतीचे चार वाटे सांगितले आहेत: एक खर्चाला, दोन धंद्याला, एक अडीअडचणीला. कपाशीचे 2 लाख हाती आले तर 50 हजार घरात, 1 लाख पुढच्या हंगामाला, 50 हजार राखून. कोरडवाहू शेतकऱ्याला हे प्रमाण तंतोतंत जमणार नाही. एवढं मात्र जमेल: धंद्याचा वाटा आधी बाजूला काढायचा, घरखर्च नंतर. होतं उलटंच. धंद्याच्या वाट्यातून लग्न उरकतं, जूनमध्ये बियाणं उधारीवर येतं, आणि उधारीपायी कापूस घाईने, मिळेल त्या भावाने जातो. मिळकत थोडी नि थाट मोठा, अशा माणसाला लोक ‘उंबर खाणारा’ म्हणतील, असं बुद्ध दीघजाणू नावाच्या गृहस्थाला सांगतात. उंबराचं झाड गदागदा हलवायचं, सडा पाडायचा आणि खायची चार फळं.

आता चौथं सुख. पहिली तिन्ही याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असं अनाथपिंडिकाला केलेल्या त्याच उपदेशात म्हटलं आहे. जुन्या हिशेबाने सोळा आण्यांतला एक आणासुद्धा नाही. असं का?

कापसाचंच पाहा. हमीभावाच्या केंद्रावर ओलावा 8 टक्क्यांपर्यंत चालतो, पुढे 12 पर्यंत भाव कापतात, त्यावर माल परत. तरी कुणी रात्री गंजीवर पाणी मारतो. वजन वाढतं, आत वाफ धरते, रुई पिवळी पडते. पण बिघाड तेवढाच नाही. हाच माणूस विहारात पंचशील घेतो, ‘अदिन्नादाना’, म्हणजे न दिलेलं घेणार नाही, असं म्हणतो, श्वासावर लक्ष ठेवून दहा मिनिटं बसतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला ती ओली गंजी डोळ्यांपुढे येते. बसण्याची पद्धत चुकलेली नसते, पाया कच्चा असतो. आनंद या आपल्या शिष्याला बुद्धांनी ही साखळी उलगडून दाखवली आहे: शीलातून अविप्पटिसार, म्हणजे मनाला टोचणी नसणं, त्यातून प्रमोद, म्हणजे हर्ष, मग प्रीती, मग शरीर शांत, मग सुख, आणि सुखी चित्तच समाधीत स्थिरावतं. सुख इथे कडीसारखं मधे येतं. मागची कडी नसेल तर ते ओढून आणता येत नाही.

ज्याच्या हातून चूक झाली त्याचं काय? राहुलाला, आपल्या मुलाला, बुद्धांनी प्रत्येक कृती तीन वेळा तपासायला शिकवलं: करण्याआधी, करताना, केल्यानंतर. यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होईल का, हाच प्रश्न. आधी लक्षात आलं तर करू नका, करताना आलं तर तिथेच थांबा. नंतर आलं तर जाणत्या माणसापाशी उघड बोला आणि पुढे सावध राहा. पाण्याची नळी हातात असतानाही थांबता येतं. नळी खाली ठेवायची, ओला झालेला कापूस वेगळा काढून उन्हात पसरायचा आणि मापाच्या वेळी तो ओला झाला होता हे सांगून टाकायचं.

नमस्कार.