राहिलेला धागा

(दृश्य: मांडीवरचं सूप, विड्या वळणारी बोटं)

कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत. सोलापूरच्या विडी कामगार बायकांची ही दहा हजार घरं. बोटांकडे बघा. ओलं करून मापात कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड दुमडलं, दोरा बांधला. या कामात हात आणि डोळे गुंततात, कान मोकळे राहतात. म्हणून साखर पेठेतल्या जुन्या घरात विड्या वळताना थोरली बहीण मोठ्यानं गोष्टी वाचायची आणि बाकीच्या ऐकायच्या. ऐकणाऱ्यांत सगळ्यांत लहान होत्या या अक्का. आज त्या सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

अक्कांना एक गोष्ट अर्धी आठवते. एक विणकर राजासाठी शेला विणतो. दर दसऱ्याला राजा विचारतो, झाला का? विणकर म्हणतो, एक धागा राहिलाय. तो धागा त्यानं का ठेवला, तेवढंच आठवत नाही. आणि एक चित्र आठवतं: टोपलीत बसलेलं माकड.

(दृश्य: जुन्या मासिकांची पानं)

नाव नाही, लेखक नाही. मग शोधायचं कसं? आधी काळ ठरवला. अक्कांचं ऐकण्याचं वय साठच्या दशकातलं. म्हणजे ‘किशोर’ बाद, तो १९७१ साली निघाला. उरले त्याआधीचे. वा. गो. आपट्यांनी १९०६ साली सुरू केलेला ‘आनंद’ होता. ‘चांदोबा’ होता; त्याची तेलुगू आवृत्ती १९४७ची, मराठी १९५२ची. हा ‘चांदोबा’ सोलापूरच्या पूर्व भागासाठी फार महत्त्वाचा. घरात तेलुगू, शाळेत मराठी, अशा मुलांना एकाच मासिकाच्या गोष्टी दोन्हीकडून भेटू शकत होत्या. बहीण मराठी वाचून तेलुगूत सांगायची की तेलुगूच वाचायची, हे अक्कांना नक्की सांगता येत नाही. त्यामुळे विचारणा दोन्ही भाषांत केली, आणि गोष्टीच्या नावाऐवजी माकड आणि टोपली विचारली. चित्र विचारलं की माणसं थांबतात, आठवायला लागतात.

पुस्तक हवं असेल तर शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं ग्रंथालय आहे. मासिकाचं नशीब वेगळं. त्यातही लहान मुलांचं मासिक: चार घरं फिरतं, चित्रं कापली जातात, घर बदललं की राहिलेलं रद्दीच्या काट्यावर जातं. साखर पेठेतून कुंभारीला येताना अक्कांच्या घरचे अंकही असेच गेले.

(दृश्य: विजापूर रोड, लोखंडी ट्रंक)

इथे एका निवृत्त गुरुजींनी मुलांचे अंक शिवून ठेवलेत. दाभणानं भोकं, सुतळीचे टाके, वर पुठ्ठा, आणि चिकटवायला मैद्याची खळ. खळीच्या वासानं कसर येते. कडेला जाळी झालेली दिसतेय ती तिचीच. गठ्ठा जाड होऊ नये म्हणून गुरुजींनी मुखपृष्ठं काढून टाकली. त्यांच्याबरोबर मासिकाचं नाव, महिना, वर्ष, सगळं गेलं. तरीही हे टाके पडले नसते तर आज हातात काहीच नसतं.

माकड सापडलं. पण ते समोरच्या पानावरचं, दुसऱ्याच गोष्टीतलं. लहानपणी शेजारशेजारची दोन पानं एक होऊन बसली होती. शेला डावीकडे आहे.

(दृश्य: अक्का, पानावर बोट)

राजाचा हुकूम असतो, शेला पुरा झाला की माग सरकारजमा. म्हणून विणकर दर दसऱ्याला एकच धागा भरतो आणि पुढचा ठेवतो. माग त्याच्या घरातच राहतो, पुढे त्याच्या मुलाकडे जातो.

अक्कांनी ती गोष्ट दोनदा वाचून घेतली.

हे मासिक कुठलं, ते अजून ठरायचं आहे. छपाईच्या अक्षरांचे खिळे आणि चित्राखालची अर्धवट सही ओळखीच्या अंकांशी ताडून बघतोय. गुरुजींच्या ट्रंकेतल्या बाकीच्या गठ्ठ्यांचे पानोपान फोटो काढणं सुरू झालंय. सोलापुरात कुणाच्या माळ्यावर असे अंक असतील, मराठी, तेलुगू किंवा कानडी, फाटके, मुखपृष्ठ नसलेले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला बोलवा. आम्ही घरी येऊन फोटो काढू, अंक तुमचेच राहतील.