चांगला खेळाडू कुणाला परवडतो?

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘व्हिडिओ गेम आर्केड्स का बंद पडली आणि काही का टिकली’ असा छापला आहे. त्यातला दुसरा भाग, टिकलेल्यांचा, मला जास्त जवळचा आहे आणि तिथे मला पोचायचंच आहे. पण आधी एक समज बाजूला करायला हवा. आर्केड्स, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीन्सची दालनं, कशाने संपली म्हणून विचारा, लगेच उत्तर येतं: घरोघरी टीव्हीला जोडायचे कॉन्सोल आले, मग नाणी घेऊन बाहेर कोण जातंय!

हे खोटं नाही, पण अपुरं आहे. अटारी या अमेरिकन कंपनीचा पाँग, पडद्यावर चेंडू टोलवायचा खेळ, घरगुती रूपात १९७५ साली आला. परग्रहावरच्या शत्रूंना टिपायचा स्पेस इन्व्हेडर्स १९८० साली अटारी २६०० या कॉन्सोलवर, म्हणजे दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आला. आर्केड्सची सगळ्यात भरभराटीची वर्षं कोणती? तीच. घरचा खेळ आणि बाहेरचा खेळ हातात हात घालून वाढत होते. पुढे १९८३ साली उत्तर अमेरिकेत घरगुती खेळांचा बाजार कोसळला. प्रतिस्पर्धीच आडवा झाल्यावर आर्केड्सना सोन्याचे दिवस यायला हवे होते. ते आले नाहीत, आर्केड्सही त्याच सुमारास घसरली. तेव्हा दुखणं आणखी कुठेतरी होतं. माझ्या मते ते नाण्याच्या पेटीत होतं.

१९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावात अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या बारमध्ये पाँगचं पहिलं मशीन ठेवलं होतं. काही दिवसांत ते बंद पडलं. ते बनवणारा ॲल ॲलकॉर्न दुरुस्तीला गेला, तर मशीन धडधाकट होतं. नाण्यांची पेटी भरून ओसंडत होती आणि नवं नाणं आत शिरायला जागा नव्हती. ही गोष्ट सगळे या धंद्याच्या यशाची म्हणून सांगतात. मला तिच्यात या धंद्याची अडचणही दिसते. पंचवीस सेंट टाकून खेळणारा काय विकत घेत होता? मशीनचा वेळ. पण किती वेळ, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. नवखा दीड मिनिटात आउट, तरबेज अर्धा तास हलत नाही, आणि नाणं दोघांचं एकच.

म्हणजे मालकाच्या दृष्टीने चांगला खेळाडू हा तोटा! वाचनालयाने सगळ्यात जास्त वाचणाऱ्या सभासदाला वैरी मानावं, तसला हा व्यवहार. खेळ असा बनवायचा की साधारण खेळाडूचे जीव तीनेक मिनिटांत संपावेत. किती जीव द्यायचे, किती गुणांवर जादा जीव द्यायचा, अवघडपणा किती ठेवायचा, यासाठी मशीनच्या आत छोटे स्विच असत आणि ते मालकाच्या हातात असत.

स्पेस इन्व्हेडर्सचं एक सांगतो, थोडं विषय सोडून आहे, पण राहवत नाही. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली तो खेळ बनवला. त्यात शत्रू जसे कमी होतात तसे उरलेले वेगाने धावू लागतात. याचं मूळ काय, तर प्रोसेसर बेताचा होता. पडद्यावर चित्रं कमी झाली की त्याचं ओझं हलकं व्हायचं आणि खेळ आपोआप पळायला लागायचा. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. यंत्राच्या दुबळेपणातून छातीत धडधड निर्माण झाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तर तरबेज खेळाडू. पॅक-मॅन १९८० चा, चक्रव्यूहात ठिपके खात भुतांना चुकवायचा खेळ. त्यातली भुतं मनाला येईल तशी फिरत नाहीत, त्यांचे नियम ठरलेले आहेत. तुम्ही दर वेळी त्याच वळणांनी गेलात तर तीही त्याच वळणांनी येतात. लोकांनी हे ओळखलं, वाटा पाठ केल्या आणि एका नाण्यावर तासन्‌तास खेळू लागले. २५६ व्या पातळीवर तर खेळच दमतो. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये मावेनासा होतो आणि उजवा अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. तिथवर एकही जीव न गमावता, एकही ठिपका, फळ किंवा खाता येणारं भूत न सोडता पोचलं तर ३३,३३,३६० गुण होतात. १९९९ साली न्यू हॅम्पशायरमधल्या फनस्पॉटमध्ये हा परिपूर्ण डाव पहिल्यांदा नोंदला गेला. पाच-सहा तासांचा डाव, नाणं एक. माणसाच्या एकाग्रतेचं हे केवढं मोठं दर्शन आहे! हिशोबाच्या वहीत मात्र ते दिवसभर अडून बसलेलं मशीन म्हणून लागतं.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत डग मॅक्रे आणि केव्हिन कर्रन हे दोन विद्यार्थी वसतिगृहांत व्हिडिओ गेमची मशीन्स लावून चार पैसे मिळवत. अटारीच्या मिसाइल कमांड या खेळाची मशीन्स आधी जोरात चालली, मग पेट्या हलक्या होऊ लागल्या. खेळणारी मुलं तीच, आवडही तीच, फक्त आता सगळ्यांना खेळ जमायला लागला होता. नवं मशीन घ्यायचं तर मोठा खर्च. तेव्हा या मंडळींनी आणखी काही मित्र घेऊन एक जोडपट्टी, म्हणजे जादा सर्किट बोर्ड, बनवली. मिसाइल कमांडच्या मशीनमध्ये ती बसवली की खेळ जास्त जलद, जास्त अवघड. नाव सुपर मिसाइल अटॅक, किंमत २९५ डॉलर. मासिकांत जाहिरात दिली आणि देशभरातल्या मशीनमालकांनी ती घेतली. जरा विचार करा, हे विकत घेणारे कोण होते? ‘माझी गिऱ्हाइकं फार हुशार झाली आहेत, काहीतरी करा’ असं म्हणणारे दुकानदार.

अटारीने १९८१ साली त्यांच्यावर दीड कोटी डॉलरचा दावा लावला. पोरं डगमगली नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की अटारीने दावा सोडला आणि यांनाच आपल्यासाठी खेळ बनवायला पैसे देऊन बांधून घेतलं. अट एक होती: मूळ कंपनीच्या परवानगीशिवाय असल्या जोडपट्ट्या विकायच्या नाहीत. आता यांची दुसरी पट्टी तयार होती, पॅक-मॅनसाठीची, त्यातल्या पायवाल्या नायकावरून नाव क्रेझी ऑटो. अटीत ‘परवानगीशिवाय’ असं होतं ना? मग परवानगी मागू, म्हणून ते थेट मिडवेच्या दारात उभे राहिले. मिडवे म्हणजे मूळचा जपानी पॅक-मॅन अमेरिकेत बनवणारी कंपनी. तिला पॅक-मॅनचा पुढचा भाग तातडीने हवा होता आणि जपानमधून तो येत नव्हता. मिडवेने क्रेझी ऑटो घेतला, ऑटोचे पाय गेले, डोक्यावर रिबन आली आणि १९८२ साली मिस पॅक-मॅन जन्मली. एक लाखाहून जास्त मशीन्स खपली. एका चक्रव्यूहाच्या जागी चार, आणि भुतांच्या चालीत सुरुवातीला थोडा यदृच्छेचा अंश, म्हणजे पाठांतर चालू नये. जगातला इतका लाडका खेळ मुळात चांगल्या खेळाडूला लवकर उठवण्यासाठी बनला होता, हे लक्षात घ्या.

त्यावर समाजही आर्केडमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या मागे लागला होता. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी १९८१ साली व्हिडिओ गेम्सवर बंदीच घातली. टेक्सासमधल्या मेस्किट शहराने सतरा वर्षांखालच्यांना पालकांशिवाय आर्केडमध्ये मज्जाव केला आणि ते प्रकरण १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जपानने १९८४ साली कायदा बदलून गेम सेंटर्सना, म्हणजे तिथल्या आर्केड्सना, करमणुकीच्या बदनाम धंद्यांच्या रांगेत बसवलं. मला याचा मनापासून राग आहे. आर्केडमध्ये एक मूल खेळत होतं आणि मागे उभी राहिलेली पाच मुलं बघून शिकत होती. शिकण्याची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलं आहे, आणि टिकलेल्यांची गोष्ट तर अजून सुरूच व्हायची आहे. भरभर सांगतो.

माझं म्हणणं असं: मालक आणि चांगला खेळाडू जिथे एका बाजूला आले, तिथे आर्केड टिकलं. पहिला पुरावा १९९१ चा स्ट्रीट फायटर टू, दोघांच्या मारामारीचा खेळ. समोर मशीन नाही, माणूस. हरला तो बाजूला, जिंकला तो उभा, पुढचा नाणं टाकून त्याला आव्हान देणार. आता उस्ताद जितका तरबेज, तितकी आव्हान देणाऱ्यांची रांग लांब, आणि प्रत्येक आव्हानाला एक नाणं. खेळाडूची हुशारी पहिल्यांदाच पेटी भरू लागली. अमेरिकेत मुलं पुढच्या डावाचा नंबर लावायला पडद्याच्या कडेवर नाणी मांडून ठेवत. टोकियोच्या ताकादानोबाबा भागातलं मिकादो हे गेम सेंटर याच बळावर उभं आहे: जुने खेळ, स्पर्धा आणि त्यांचं थेट प्रक्षेपण.

दुसरा, संगीताचे खेळ. १९९७ चा बीटमेनिया, १९९८ चा, पायाखालच्या बाणांवर नाचायचा डान्स डान्स रिव्होल्यूशन. पैसे टाकले की ठरावीक गाणी मिळतात, कितीही छान खेळलात तरी गाणं लांबत नाही. उस्तादाने जादा वेळ घेतला असं होतच नाही, उलट त्याचा नाच बघायला गर्दी जमते. शिवाय ते पायाखालचं धातूचं व्यासपीठ घरी कोण ठेवणार? यंत्राचा निव्वळ वेग हा फायदा तर तेव्हाच गेला होता. १९९४ चा आर्केडमधला मारामारीचा खेळ टेकेन, प्लेस्टेशन या घरगुती कॉन्सोलच्याच धर्तीच्या हार्डवेअरवर चालत होता, मग घरच्यात आणि बाहेरच्यात फरक तो काय!

तिसरा उपाय सरळ नाणंच काढून टाकण्याचा. अमेरिकेत इलिनॉयमधलं गॅलपिंग घोस्ट हे आर्केड २०१० पासून दाराशी एकदाच पैसे घेतं, आत नऊशेहून अधिक मशीन्स हवी तितकी खेळा. मालकाला आता घाई कसली? जपानमध्ये नाण्याने काय केलं बघा. १९७८ साली एक डाव १०० येनचा, आणि कित्येक मशीन्सवर पुढची चाळीस वर्षं तोच भाव. १९८९ साली उपभोग कर ३ टक्के आला, २०१९ पर्यंत १० टक्के झाला, पण १०० येनचं नाणं घेणारी फट ११० कसे घेणार? कर मालकाच्याच खिशातून. १९८६ साली तिथे सुमारे २६ हजार गेम सेंटर्स होती, २०१९ साली चार हजारांच्या आसपास. २०२० साली सेगा या जपानी खेळकंपनीने आपल्या आर्केड कंपनीचे ८५.१ टक्के समभाग विकले आणि पुढे पाट्यांवरून सेगा हे नावही उतरलं.

क्रेन मशीन्सबद्दल, म्हणजे यांत्रिक पंजाने बाहुली उचलायच्या मशीन्सबद्दल, कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. १९८५ च्या यूएफओ कॅचरपासून ती वाढत गेली आणि आज जपानमधल्या गेम सेंटर्सचं अर्ध्याहून जास्त उत्पन्न बक्षिसांच्या मशीन्समधून येतं. त्यांनी दारं उघडी ठेवली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. पण पंजाची पकड किती घट्ट ठेवायची ते मालक ठरवतो, म्हणजे जुनं वैर परत आलंच. बाहुलीच्या किमतीला मर्यादा असल्याने ते सोसवतं, एवढंच. अशा दालनात एका कोपऱ्यात तरी समोरासमोर खेळायची दोन मशीन्स ठेवावीत, असा माझा आग्रह आहे, आणि जिथे चालकांशी बोलायची संधी मिळते तिथे मी तो धरतो.

चित्रनळीचे जुने पडदे आता बनत नाहीत, मग दुरुस्ती कशी करायची, अशी एक चिठ्ठी आली आहे. त्यावर अर्धा तास लागेल. ज्यांना थांबायचं आहे त्यांनी पुढच्या रांगांत या.