तेलात उतरलेले पाणी

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडखाली ही पिकअप गेले नऊ दिवस उभी आहे. पुढे पाच माणसांची केबिन आणि मागे मालाचा हौदा असलेली ही डिझेल गाडी तिच्या आजच्या मालकांनी शहरातून जुनी विकत घेतली, तेव्हा तिला क्लचचे पायडल नाही याचेच गावात मोठे कौतुक झाले होते. दोन हंगाम तिने कापसाची गाठोडी, तुरीची पोती आणि फवारणीच्या पाण्याच्या टाक्या वाहिल्या. मग एका दुपारी, नाल्यावरच्या रपट्याचा चढ चढताना इंजिन गर्जत राहिले आणि गाडी मागे सरकू लागली. “भाऊ, रेस तं बरोबर घेते, पन पुढं सरकत नायी,” एवढेच मालकांनी मिस्त्रींना सांगितले.

मिस्त्रींकडे येण्यापूर्वी या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल दोनदा बदलले गेले होते. पहिल्यांदा ती महिनाभर नीट चालली, दुसऱ्यांदा जेमतेम आठवडाभर. तिसऱ्या ठिकाणी अख्खा गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाला आणि त्याची रक्कम ऐकून मालक गाडी टोचन लावून परत घेऊन आले. नवे तेल घातल्यावर जो गिअरबॉक्स सुधारतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ढेपाळतो, त्याच्या तेलात बाहेरून काहीतरी शिरते आहे, हा संशय खरे तर पहिल्याच वेळी यायला हवा होता.

साध्या गाडीत इंजिनाची ताकद क्लचप्लेटमधून गिअरबॉक्सकडे जाते. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ते काम टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल करते: समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो, तसे इंजिनाकडच्या पात्यांनी फेकलेले तेल गिअरबॉक्सकडची पाती फिरवते. त्यापुढे गिअर बदलण्याचे कामही तेलाच्या दाबानेच होते. आत कागदासारख्या अस्तराच्या घर्षणप्लेटा आणि पोलादी प्लेटा एकाआड एक रचलेल्या असतात. दाब आला की त्या एकमेकींना घट्ट धरतात, दाब गेला की सुटतात. जनरल मोटर्सने १९३९ साली अमेरिकेत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स आणला, तेव्हापासून अशी रचना मोठ्या प्रमाणावर मोटारींत आहे. दर्यापूरच्या या शेडमध्ये मात्र ती पहिल्यांदाच उघडली जात आहे.

मिस्त्रींनी ड्रेनचा बोल्ट सोडला आणि घमेल्यात जे उतरले ते पाहून शेडमधले सगळेच गप्प झाले. लाल आणि पारदर्शक असायला हवे ते तेल गुलाबाचे सरबत मिसळलेल्या दुधासारखे दिसत होते. प्लेटा नुसत्या झिजल्या असत्या, तर तेल काळपट झाले असते आणि त्याला करपल्याचा वास आला असता. दुधाळ गुलाबी रंगाचा अर्थ एकच होता, तेलात पाणी मिसळले आहे.

ते कुठून आले असेल, याचे उत्तर गाडीच्या तोंडाशी आहे. या गाडीत गिअरबॉक्सचे तेल थंड होण्यासाठी रेडिएटरच्या खालच्या टाकीतून फिरून येते. टाकीतल्या पाण्यात तेलाची एक बंद नळी बुडालेली असते आणि दोहोंच्या मधे धातूचा फक्त एक पातळ पडदा असतो. मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला, तेलाच्या नळीचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकातून हवा सोडली, आणि पाण्याने भरलेल्या टाकीत बुडबुडे वर आले. गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त असल्याने थोडे तेल पाण्यात जात होते, आणि इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब नाहीसा होऊन गरम रेडिएटरमधले दाबाखालचे पाणी तेलात ढकलले जात होते.

टाकीच्या आतल्या बाजूला पांढरा थर साचला होता, आणि तो पाहून मालकांना काही समजावून सांगावे लागले नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे गाव येते. इथल्या बोअरच्या पाण्याने पिकाची जमीन चोपण होते, साबणाला फेस येत नाही, माणसांना ते पिववत नाही. तेच पाणी दोन वर्षे रेडिएटरमध्ये ओतले जात होते. क्षारांचे थर साचत गेले, क्लोराइडने धातू कुरतडला, आणि ज्या पडद्यावर सारा गिअरबॉक्स विसंबून होता त्याला भोक पडले. मालकांना यात दोष देता येत नाही, कारण गाडी विकताना ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती.

गिअरबॉक्स उतरवून उघडायला दोन दिवस लागले. घर्षणप्लेटांचे अस्तर पाणी पिऊन फुगले होते, डिंक सुटल्यामुळे नखाने सोलून निघत होते. पोलादी प्लेटांवर गंजाचे डाग होते. प्लेटांचा संपूर्ण संच आणि सगळी सील मिस्त्रींनी नागपूरहून मागवली. नव्या प्लेटा बसवण्याआधी त्यांनी त्या नव्या तेलात भिजत ठेवल्या, कारण कोरड्या प्लेटा पहिल्याच पकडीत जळतात. टॉर्क कन्व्हर्टर न कापता आतून पूर्ण धुता येत नाही, आणि एकूण तेलातले बरेचसे त्यातच अडकून राहते. आधीचे दोन तेलबदल अपुरे पडण्याचे हेही एक कारण होते. म्हणून तोही बदलला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो व्हॉल्व्ह बॉडीवर. मुंग्यांच्या वारुळासारख्या वळणावळणांच्या खाचा असलेली ही ॲल्युमिनियमची पेटी तेलाला वाट दाखवते, आणि तिच्यातली बारीक पोलादी गोळी जागा चुकली तरी एखादा गिअर कायमचा हरवतो. मिस्त्रींनी प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो काढला, सुटे भाग पांढऱ्या कापडावर त्याच क्रमाने मांडले आणि धूळ येऊ नये म्हणून त्या दोन दुपारी शेडमधला कूलरही बंद ठेवला. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांवर जातो, हे ठाऊक असलेल्यालाच या गोष्टीचे मोल कळेल.

नवा रेडिएटर बसला, पण गिअरबॉक्सचे तेल पुन्हा त्यातून न्यायचे नाही, असे मिस्त्रींनी ठरवले. त्यांनी रेडिएटरच्या पुढे वाऱ्यावर थंड होणारा वेगळा ऑइल कूलर लावला. आम्हाला हा निर्णय या साऱ्या कामातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. रेडिएटरमध्ये या वेळी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे निम्मे गेले.

राहिली होती तेलाची पातळी. या गिअरबॉक्सला मोजपट्टी नाही. इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना खालचा बोल्ट काढायचा आणि जादा तेल वाहू द्यायचे, अशी त्याची रीत आहे. मे महिन्यातल्या दुपारी इथे तेल इंजिन सुरू होण्याआधीच त्या मर्यादेला टेकलेले असते. म्हणून मिस्त्री पहाटे पाचला आले. त्यांनी सगळे गिअर एकेकदा टाकून पाहिले, स्कॅनरवर तापमान ३८ दिसताच बोल्ट काढला; तेलाची धार बारीक झाली, थेंबांवर आली, आणि त्यांनी बोल्ट आवळला.

उजाडल्यावर हौद्यात युरियाची २० पोती टाकून गाडी त्याच रपट्यावर नेली. ती चढ चढून वर गेली. ५० किलोमीटर फिरून आल्यावर मिस्त्रींनी पुन्हा गाडीखाली शिरून तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर घेतले आणि कागद उन्हात धरला. थेंब लाल होते, आणि त्यांच्या आरपार कागद दिसत होता.