रात्रीच्या कूलरची वीज

श्रोतेहो, नमस्कार.

नवतपा लागला की नागपुरात दिवेलागणीलाही भिंतीला हात लावून पाहा, चटका बसतो. दिवस मावळतो, गच्चीवरचे सोलर पॅनल थंडावतात, आणि नेमके तेव्हाच घरोघरचे कूलर रात्रभरासाठी सुरू होतात. ही रात्रीची वीज बहुतांशी कोळशाची. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या त्यासाठीच धुमसतात. ज्या उकाड्यापायी आपण कूलर लावतो, त्या उकाड्यात कूलरची वीजच भर घालते. माझा जीव अडकतो तो इथे.

कोळशाच्या एका युनिटमागे, खाणीपासूनचा हिशेब धरला तर, साधारण ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुविजेच्या युनिटमागे, युरेनियमची खाण आणि केंद्राचं बांधकाम धरूनही, सुमारे १२ ग्रॅम. शिवाय ती रात्री थांबत नाही. कर्नाटकातल्या कैगाचा पहिला संच २०१८च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालला. आपल्या तारापूरला अणुवीज १९६९ साली आली, तरी आज देशाच्या विजेत तिचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे.

विदर्भात हा विषय काढला की पहिला प्रश्न येतो पाण्याचा. तो रास्तच आहे. वाफ थंड करायला अणुकेंद्राला कोळशाच्या केंद्राहून थोडं जास्तच पाणी लागतं. पण अमेरिकेतलं पालो वेर्दे केंद्र पाहा. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, जवळ ना मोठी नदी ना समुद्र, तिथे तीन अणुभट्ट्या फिनिक्स परिसरातल्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर थंड होतात. आपल्याला यात नवल वाटायला नको. भांडेवाडीत शुद्ध केलेलं आपल्याच घरांतलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातंच की! म्हणून केवळ पाण्याचं कारण सांगून हा विषय मिटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

चेर्नोबिल आणि फुकुशिमा मी विसरलेलो नाही. वापरलेलं इंधन पिढ्यान्‌पिढ्या जपावं लागतं, केंद्र उभारायला दहा-दहा वर्षं जातात, हेही खरं. पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते दुसरंच. आपल्या उत्तरेला, मंडला जिल्ह्यातल्या चुटक्याला ७०० मेगावॉटचे दोन संच उभारायचं ठरलं आहे. तिथल्या कित्येक घरांना बरगी धरणाने एकदा उठवलं आहे. त्यांना पुन्हा उठा म्हणण्याआधी जमीन, घर आणि काम त्यांच्या हातात पडलं पाहिजे. आपल्या रात्रीच्या गारव्याची किंमत त्यांनी दुसऱ्यांदा का मोजावी?